तोंडाला लावायचा गंज

थोरल्या साडूंना आपण ओळखत होतो, असं म्हणायला धाकट्या साडूची जीभ रेटत नाही. बायका सख्ख्या बहिणी, म्हणून हे दोघे एकमेकांच्या वाट्याला आलेले. उभा जन्म समोरासमोर जेवायला बसण्यात गेला, एकमेकांच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकांवर बसून झालं, आणि तरी दुकान बंद करून घरी जाताना त्या माणसाच्या मनात काय चालत असेल, हे धाकट्याला कधी कळलं नाही. त्यांना काय आवडतं हेसुद्धा धड सांगता येणार नाही. काय आवडत नाही ते मात्र सगळ्या आळीला पाठ होतं, कारण ते स्वतःच दिवसभर ऐकवत असत.

थोरल्यांचं रंगाचं दुकान होतं. पुढे कंपन्यांचे डबे, प्रत्येक झाकणावर आतल्या रंगाचा ठिपका. आणि मागे, जिथे गिऱ्हाइकाला सहसा नेत नसत, तिथे भुकटीची पोती. तांबडा, पिवळा आणि काळा ऑक्साईड, चिनी माती, शंखजिरं. त्या पोत्यांतून वावरून त्यांच्या नखांच्या कडा कायमच्या तांबूस झाल्या होत्या. रंग जुळवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, हे कबूल करायला हवं. भिंतीचा पोपडा घेऊन या, तोच रंग घेऊन जा. पण रंगाबरोबर चार शब्दही घेऊन जावे लागत. गिऱ्हाईक आकाशी रंग मागायला आलं की हे विचारत, "कुठल्या वेळचं आकाश?" गिऱ्हाईक बावचळलं की यांचा चेहरा खुलायचा. जगातली यच्चयावत माणसं मूर्ख आहेत आणि त्यांना रंग विकण्याची शिक्षा तेवढी आपल्याला झाली आहे, अशी त्यांची समजूत होती. त्या समजुतीवर त्यांनी आयुष्य सुखात काढलं.

त्यांना खरा चेव चढे तो बायकांच्या पावडरीच्या डब्या पाहून. सुट्टीच्या दिवशी सगळे एकत्र जमले, की जेवणं झाल्यावर हा कार्यक्रम ठरलेला. एकदा धाकट्याच्या बायकोने नवी डबी आणली होती. झाकणावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'शुद्ध खनिज, थेट धरणीच्या कुशीतून'. थोरल्यांनी खिशातून भिंग काढलं.

"आण इकडे. बघू तरी धरणीच्या कुशीत काय काय निघालं."

"राहू दे हो भावजी, तुमचं बोट लागलं की तांबडं होतं सगळं," धाकट्याची बायको म्हणाली. पण डबी तोवर यांच्या हातात गेली होती.

"हं. अभ्रक. ही चमक दिसते ना गालावर? इस्त्रीच्या पोटात जो पापुद्रा असतो, तोच हा. शंखजिरं. सायकलची ट्यूब चिकटू नये म्हणून चोळतात ते. टायटॅनियम डायऑक्साईड. वा! तुमच्या बैठकीच्या खोलीला मागच्या वर्षी हेच लावलंय मी, दोन हात. आणि हे शेवटी बारीक अक्षरांत काय? आयर्न ऑक्साईड. म्हणजे गंज! गंज आहे गं हा, गंज. लोखंडाचा. पैसे मोजून गंज आणता आणि तोंडाला फासता. आमच्या फाटकाला गाल टेकून उभ्या राहा, फुकटात काम होईल."

"गंज आमच्या ताईला लग्नातच मिळालाय," धाकट्याची बायको म्हणाली. "तरी बिचारी अजून डब्या विकत घेते. काय करणार, लग्नातला सुटत नाही आणि डबीतला टिकत नाही."

सगळे हसले. थोरलेही हसले, पण डबी परत करताना झाकण असं बोटाच्या टोकाने पुढे सारलं, की जणू आत मेलेलं झुरळ आहे.

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. डबीत होतं तेच पोत्यात होतं, निदान नावाने. आणि अर्धं खरं बोलणाऱ्या माणसाला गप्प कसं करायचं, हे धाकट्याला कधीच जमलं नाही. त्याचा जन्म नकाशे काढण्याच्या कचेरीत गेला. थोरले त्याला 'रेघोट्यावाले' म्हणत.

आता थोरल्यांना होती एकच लेक. आणि शिकून सवरून तिने नोकरी कुठे धरावी? गावातल्या सगळ्यात मोठ्या दुकानात, तळमजल्यावर, आरशांच्या आणि दिव्यांच्या झगमगाटात, नेमकी पावडर-लालीच्या काउंटरवर! थोरल्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. पण ते दाखवतील तर थोरले कसले?

"छान केलंस," ते म्हणाले. "बाप भिंतीला विकतो, लेक तोंडाला विकेल. भिंती निदान आरशात बघत नाहीत."

लेक बापावर गेली होती. तिने उलट उत्तर दिलं नाही, नुसती भुवई चढवली आणि कामावर गेली. काम तिला आवडायचं. संध्याकाळी मावशीकडे आली की ती गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवायची. लाली लावल्यावर नवऱ्याला फोटो पाठवून 'कशी दिसते?' विचारणारी आणि उत्तर येईपर्यंत तोंड न हलवणारी बाई. भुवया कोरून घ्यायला आलेले, पण ओळखीचं कुणी दिसलं की खांबाआड जाणारे गृहस्थ. हसून हसून धाकट्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

पण तिच्या त्या नोकरीत एक काटा होता. काउंटरवर उभं राहणाऱ्या मुलीने तोच माल चेहऱ्याला लावून उभं राहायचं, असा तिथला नियम. आणि लेकीचा रंग थोरल्यांसारखा, चांगला गडद, तकतकीत. कंपनीच्या डब्या होत्या सगळ्या दुधाच्या सायीपासून गव्हापर्यंत. गव्हाच्या पुढे कंपनीला माणसं राहतात हे ठाऊकच नव्हतं. जी सगळ्यात गडद डबी, ती लावली तरी आतल्या पांढऱ्यामुळे लेक चुलीतून उठून आल्यासारखी राखाडी दिसे. काउंटरवर एक मोठ्या बाई होत्या, ज्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर इतके थर होते की त्या हसल्या तर तडा जाईल म्हणून हसत नसत. त्यांनी लेकीला बाजूला घेतलं.

"महिनाअखेरीला कंपनीची माणसं येणारेत, मुली कायम करायला. तू अशी भुतासारखी दिसलीस तर मी तुला पुढे उभी करू शकत नाही. खाली गोदामात खोकी उघडायला माणूस हवंच आहे. बघ बाई, काय करतेस ते."

म्हणजे डब्या त्यांच्या, दोष हिच्या तोंडाचा.

लेक त्या दुपारी तडक बापाच्या दुकानात आली. कामाला लागल्यापासून पहिल्यांदाच. धाकटा तेव्हा तिथेच स्टुलावर बसला होता. निवृत्तीनंतर त्याला बसायला दुसरी जागा नव्हती. लेकीच्या गालांवरून राखेचे ओघळ आले होते. ती रडली होती, पण आता आवाजात पाणी नव्हतं.

"बाबा, हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मला तुमच्याकडून एक रंग हवाय."

थोरले हसले नाहीत. त्यांनी तिला दाराशी उजेडात नेलं, रुमाल ओला करून तिचा एक गाल पुसला, आणि भिंतीचा पोपडा बघावा तसे मान कलती करून बघत राहिले. धाकट्याने त्यांना कुणाच्या चेहऱ्याकडे इतका वेळ बघताना कधी पाहिलं नव्हतं.

"गाढव आहेत तुझ्या कंपनीवाले," शेवटी ते म्हणाले. "पांढऱ्यात रंग घालून गडद करायला निघालेत. हा रंग तसा होतोय होय? हा तांबड्यापासून सुरू होतो. पिवळा त्याच्या मागून. काळा नखभर. पांढरा जवळजवळ नाहीच. बस तिथे."

आणि मग त्या माणसाने जे केलं ते बघण्यासारखं होतं. पोत्यांतून चमच्या-चमच्याने भुकटी काढली, खलात घोटली, आपल्या मनगटावर ओढून पाहिली, लेकीच्या मनगटावर ओढली, पुन्हा घोटली. धाकट्याला मलमलीच्या फडक्याचं एक टोक धरायला लावून सगळं त्यातून गाळलं. वर थोडं शंखजिरं. शेवटी बोटाने लेकीच्या पुसलेल्या गालावर लावलं, आणि रंग दिसेनासा झाला. गालाचा गालच. फक्त जरा नितळ, झोप नीट झाल्यासारखा.

लेक आरशात बघत राहिली. "बाबा," एवढंच म्हणाली.

धाकट्याची नजर मात्र तांबड्या पोत्यावर होती. घसा खाकरत तो म्हणाला, "थोरले, यावर लिहिलंय, फक्त फरशी आणि सिमेंटकामासाठी."

"साडू, तुम्ही रेघा मारा. लोखंडाचा ऑक्साईड तो लोखंडाचा ऑक्साईड. फरशीत गेला म्हणून त्याला काय शिंगं फुटतात? डबीवर तेच नाव, पोत्यावर तेच नाव. फरक आहे तो सोनेरी झाकणाचा."

"पण काका म्हणतात तर..." लेक म्हणाली.

"काकांना कावीळ आणि पिवडीची माती यांतला फरक कळत नाही. लाव बिनधास्त. तुझा बाप देतोय, कंपनी नाही."

आता मजा बघा. हाच माणूस आतला रंग बाहेरच्या भिंतीला न्यायला निघालेल्या गिऱ्हाइकाच्या अंगावर वसकन जायचा. 'नाव वाचून रंग नेता? काम सांगा आधी, काम!' असं म्हणून त्याने भल्याभल्यांना पायरी उतरायला लावलं होतं. लोखंडी दाराचा रंग लाकडाला लावणाऱ्या एका मास्तरांशी तर तो पुढे कधी बोलला नाही. सगळ्या जगाला विचारलेला प्रश्न स्वतःला विचारायचा मात्र राहून गेला. दुसऱ्यांचा मूर्खपणा मोजता मोजता हे असं होतं. आपला कुठे ठेवला ते आठवत नाही.

कंपनीची माणसं आली त्या दिवशी लेक सकाळी अशी काही दिसत होती, की मोठ्या बाईंनीसुद्धा जवळ येऊन विचारलं, कुठली डबी. लेक म्हणाली, घरची. दुपारपर्यंत सगळं ठीक होतं. मग दिव्यांखाली घाम यायला लागला. फरशीच्या त्या स्वस्त रंगात चुन्याची भर असते, ती घाम लागला की चावते. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की गाल आधी खाजले, मग पेटले. कंपनीचे साहेब समोर उभे असताना लेकीचा एक डोळा सुजून बंद झाला. ती तरीही दुसऱ्या डोळ्याने बघत लालीचे प्रकार सांगत राहिली. साहेब दोन पावलं मागे सरकले. मोठ्या बाईंनी तिला हाताला धरून आत नेलं आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "ही आमची नाही, गोदामातली आहे."

त्वचेच्या डॉक्टरीणबाई तोडून बोलणाऱ्या होत्या. थोरल्यांनी पुडीत बांधून आणलेली भुकटी त्यांनी उघडून पाहिली आणि टेबलावर ठेवून दिली.

"हे कुणाचं डोकं?"

थोरले म्हणाले, "माझं."

"बरं. नाव एक आहे, मान्य. पण फरशीच्या ऑक्साईडमध्ये शिसं किती, आर्सेनिक किती, भर कसली, हे कुणी बघत नाही. फरशीला त्वचा नसते. चेहऱ्यासाठीचा ऑक्साईड कारखान्यात मुद्दाम वेगळा बनवतात, धुतात, तपासतात. अभ्रक, शंखजिरं, सगळ्याचं तेच. खाणीतून त्याच्याबरोबर काय काय येतं, ते काढावं लागतं."

"पण डबीवर तर लिहितात, थेट धरणीच्या..."

"ते खोटं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि खोटं असतं म्हणून बायकांची तोंडं शाबूत आहेत. खरं करून दाखवणारे तुम्हीच पहिले भेटलात."

थोरल्यांना इतकं सुनावलेलं धाकट्याने त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्याला मनातून थोडं बरंही वाटलं. पण ते घरी जाईपर्यंतच टिकलं. घरी लेक पाठ करून झोपली होती. चेहरा बरा व्हायला वेळ लागणार होता. काउंटर गेलं ते गेलंच. आजपासून गोदाम. ती बापाला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर थोरल्यांना उत्तर देता आलं असतं. तिने ती सोयच ठेवली नाही.

त्यानंतर घरात डब्यांवरचे विनोद बंद झाले. दुकानातलं टाकून बोलणं मात्र चालूच राहिलं, नाहीतर गिऱ्हाइकांना वाटलं असतं म्हातारा खचला. पण धाकट्याने पाहिलं, दुपारी गर्दी नसली की थोरले मागे जाऊन काहीतरी करत. एक दिवस ते पुठ्ठ्याचा एक तुकडा घेऊन आले, रंगाचा नमुना असतो तसा. त्यावर लेकीचा रंग होता. हुबेहूब. भिंतीच्या रंगात, आठवणीतून केलेला.

"चला साडू."

"कुठे?"

"दुकानं बघायला. कुठेतरी कुणीतरी शहाणा असेलच की, ज्याने हा रंग डबीत घातलाय. रीतसर, तपासून."

मग सुरू झाली ती वरात. तांबड्या नखांचा एक म्हातारा, हातात पुठ्ठा, आणि मागे दुसरा म्हातारा, ज्याला नजर कुठे ठेवावी कळत नाही. अत्तराच्या वासाने डोकं उठायचं. काउंटरवरच्या पोरी एकमेकींना कोपरं मारायच्या. एक म्हणाली, "एवढा गडद कशाला नेता आजोबा? हा घ्या, दोन छटा उजळ. मुलगी खूश होईल." थोरले म्हणाले, "मुलगी आहे तशी आहे. तुझी डबी चुकली." दुसरीकडे एकाने सांगितलं, असा रंग चालत नाही. "चालत नाही की तुम्ही ठेवत नाही?" यावर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. जे दुकान जितकं चकचकीत, तितकी तिथली माणसं कमी प्रकारची. असा थोरल्यांचा निष्कर्ष निघाला, आणि पहिल्यांदाच धाकट्याला तो मनापासून पटला.

सापडला तो रंग एका बोळातल्या चिंचोळ्या दुकानात, केसांच्या पिना आणि बांगड्यांच्या मागे. काउंटरवरची पोर सुपारी चघळत होती. थोरल्यांनी पुठ्ठा डबीजवळ धरला, दाराशी उजेडात नेला, परत आणला. भिंग काढून मागचं सगळं वाचलं. अभ्रक, जस्त, चिनी माती, आयर्न ऑक्साईड. धाकटा वाट बघत राहिला, पण शेरा आला नाही. उलट थोरले चाचरत म्हणाले, "हे... चेहऱ्यासाठीच आहे ना?"

पोरीने चघळणं थांबवलं. "मग काय भिंतीला लावणार आजोबा?"

थोरल्यांनी भिंग खिशात घातलं. "बांधून दे," ते म्हणाले.

डबी त्यांनी स्वतः दिली नाही. तेवढी छाती झाली नाही. बायकोच्या हाती दिली. लेकीने ती बरेच दिवस उघडलीच नाही. मग कानामागे थोडं लावून पाहिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि असं आठवडाभर. बापाच्या हातची वस्तू म्हणून कसून तपासली. मग एका सकाळी तो रंग लावून ती गोदामाचा जिना चढून वर गेली आणि मोठ्या बाईंच्या समोर उभी राहिली. मोठ्या बाईंनी तिला दिव्याखाली नेलं, हनुवटी धरून इकडे तिकडे वळवली. कंपनीचा माल नाही, एवढं त्यांना कळलं असणारच. पण जागा रिकामी होती आणि महिना गर्दीचा.

"उद्यापासून ये वर," त्या म्हणाल्या. "आणि कुणी विचारलं तर आपली डबी सांग."

घरी येऊन लेकीने हे आईला सांगितलं, बाप ऐकेल अशा आवाजात. बापाशी थेट बोलायला तिला आणखी काही दिवस लागले. एका रात्री जेवताना, मान वर न करता ती म्हणाली, "बाबा, डबी संपत आलीये. आणाल?"

थोरल्यांनी फक्त मान हलवली, असं धाकट्याला नंतर त्याच्या बायकोने सांगितलं. तिला तिच्या ताईने सांगितलं होतं. त्या वेळी त्यांना काय वाटलं हे ताईलाही माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात एका पहाटे थोरले झोपेतच गेले. आदल्या दिवशी दुकानाच्या पायरीवर, निघताना, त्यांचं आणि धाकट्याचं बोलणं झालं होतं ते एवढंच.

"साडू, उद्या येता का त्या बोळात? डबी आणायचीय."

"येतो की."

"आणि त्या पोरीशी तुम्ही बोला. मला बघून हसते ती."

"मला बघूनही हसते."

"तुम्हाला चालतं. जरा लवकर या, नंतर ऊन होतं."

"येतो. दुपारच्या गोळ्या घेतल्या का?"

"घेतल्या हो. निघा आता, तुमची बस आली."